आपण बरे, आपला धंदा बरा? युद्धाच्या छायेतील व्यवसाय आणि मानवी हक्क

जून २०१६ मध्ये फ्रान्सच्या 'ल मोंद' या दैनिकाने एका परवान्याची हकिगत छापली. लाफार्ज कंपनीच्या कारखान्यातून सिमेंट घेऊन निघालेल्या गाड्यांना नाक्यांवर अडवू नये, कारण या मालाच्या व्यापाराबाबत कंपनीशी करार झालेला आहे, अशा आशयाचा मजकूर त्या कागदावर होता. नाके सीरियातले होते, परवाना सप्टेंबर २०१४ मधला होता आणि त्यावर शिक्का होता 'इस्लामिक स्टेट' अर्थात आयसिस या संघटनेचा. जकात नाका, पावती आणि शिक्का हे शब्द मराठी माणसाला इतके ओळखीचे आहेत, की वरवर पाहता त्या कागदात काही भयंकर दिसत नाही. भयंकर आहे ते नेमके हेच. युद्ध चालू असलेल्या प्रदेशात एखादी कंपनी मानवी हक्कांच्या उल्लंघनात गुंतते, ती बहुधा एखाद्या मोठ्या कटामुळे नव्हे, तर माल बाहेर काढणे, कच्चा माल आणणे आणि कामगारांना वेळेवर कामावर पोहोचवणे अशा रोजच्या कामांमधून गुंतत जाते.

लाफार्ज ही तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या सिमेंट कंपन्यांपैकी एक होती. उत्तर सीरियातील जलाबिया येथील तिचा कारखाना मे २०१० मध्ये सुरू झाला आणि जेमतेम वर्षभरात सीरियात उठाव, दडपशाही आणि पुढे यादवी युद्ध असा क्रम सुरू झाला. २०१२ मध्ये कंपनीने आपले परदेशी कर्मचारी तेथून हलवले. कारखाना मात्र स्थानिक सीरियन कामगारांच्या बळावर सुरूच राहिला. त्याच वर्षी कारखान्याच्या काही अलावी पंथीय कर्मचाऱ्यांचे अपहरण झाले आणि खंडणी भरून त्यांची सुटका करून घ्यावी लागली. एखादे ठिकाण फ्रेंच अभियंत्यासाठी धोक्याचे असेल, तर ते सीरियन फिटरसाठी सुरक्षित कसे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. पुढे जे घडले त्याचे मूळ मला तरी त्या न विचारलेल्या प्रश्नात दिसते.

परिसरातील रस्ते वेगवेगळ्या सशस्त्र गटांच्या ताब्यात जात राहिले आणि प्रत्येक गटाने आपापला नाका उभा केला. कंपनीने मध्यस्थांमार्फत पैसे देण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील न्यायालयात कंपनीने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला, तेव्हा व्यवहाराचा सगळा तपशील नोंदीवर आला. ऑगस्ट २०१३ ते ऑक्टोबर २०१४ या काळात आयसिस आणि अल-कायदाशी जोडलेली अल-नुसरा फ्रंट या दोन संघटनांना मिळून सुमारे ५९ लाख २० हजार डॉलर पोहोचले होते. त्यात तीन प्रकारच्या रकमा होत्या. दरमहा ठरलेली 'देणगी' हा पहिला प्रकार, आयसिसच्या ताब्यातील पुरवठादारांकडून घेतलेल्या कच्च्या मालाची किंमत हा दुसरा, आणि विकल्या गेलेल्या सिमेंटच्या प्रमाणात द्यावयाची रक्कम हा तिसरा. या तिसऱ्या रकमेला कंपनीचे अधिकारी आपसांत 'कर' म्हणत असत.

येथे थोडे थांबायला हवे, कारण या तिसऱ्या प्रकारात विषयाचा गाभा आहे. हप्ता आणि हिस्सा यांत मोठा फरक असतो. दुकानदार गुंडाला ठरावीक हप्ता देतो, तेव्हा तो स्वतःला नाडलेला समजतो आणि पुष्कळदा खरोखरच नाडलेला असतो. पण रक्कम विक्रीच्या प्रमाणात ठरली, की घेणारा आणि देणारा यांचे हित एकाच दिशेने वाढू लागते. गोण्या जितक्या जास्त खपतील तितका कंपनीचा फायदा आणि तितकाच नाक्यावरच्या बंदूकधाऱ्याचाही फायदा. चौथाई आणि सरदेशमुखीचा इतिहास वाचत मोठ्या झालेल्या आपल्या वाचकांना हेही सहज कळेल, की उत्पन्नातील ठरलेला वाटा जो वसूल करतो, तो स्वतःला त्या मुलखाचा धनी म्हणवत असतो. आयसिसला पैसा तर हवाच होता, पण राज्य म्हणून मान्यताही हवी होती, आणि 'कर' या एका शब्दाने ती न मागता देऊन टाकली. अमेरिकी न्याय विभागाच्या हिशोबानुसार त्या काळात कंपनीच्या सीरियन उपकंपनीची विक्री सुमारे ७ कोटी ३ लाख डॉलरची झाली. दंड आणि जप्ती मिळून कंपनीला ७७ कोटी ७८ लाख डॉलर भरावे लागले. दहशतवादी संघटनांना मदत केल्याच्या आरोपाखाली एखाद्या कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करण्याचा हा पहिला प्रसंग होता. जाता जाता एक नोंद: २०१५ मध्ये लाफार्जचे स्वित्झर्लंडच्या होल्सिम कंपनीशी विलीनीकरण झाले आणि आपल्याकडील एसीसी व अंबुजा या सिमेंट कंपन्या २०२२ पर्यंत त्याच समूहाच्या मालकीच्या होत्या. त्यांचा सीरियातील प्रकाराशी काहीही संबंध नाही, पण 'हे सगळे कुठेतरी दूर चालते' असे वाटत असेल, तर दूर म्हणजे किती दूर, याचा अंदाज यावरून येईल.

आता नियमांकडे वळू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने १६ जून २०११ रोजी व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांना एकमताने मान्यता दिली. जॉन रगी या प्राध्यापकांनी अनेक वर्षांच्या विचारविनिमयानंतर ती तयार केली होती. एकूण ३१ तत्त्वे आहेत आणि ती तीन खांबांवर उभी आहेत. लोकांच्या हक्कांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, त्या हक्कांचा आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि हक्क डावलला गेला तर पीडिताला दाद मागण्याचा खरा मार्ग मिळाला पाहिजे. सातवे तत्त्व खास संघर्षग्रस्त प्रदेशांसाठी आहे. कारण तेथे पहिला खांबच डळमळीत झालेला असतो: राज्यसंस्था एकतर पोहोचू शकत नाही किंवा स्वतःच अत्याचार करत असते. म्हणून कंपनी ज्या देशाची आहे, त्या देशाच्या सरकारनेही तिला सावध करावे आणि कंपनी गंभीर अत्याचारांत गुंतली असेल व सुधारण्यास तयार नसेल, तर तिला मिळणारी सरकारी मदत रोखावी, अशी अपेक्षा तेथे मांडलेली आहे. ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, पण न्यायालये, गुंतवणूकदार आणि सरकारे आज याच मोजपट्टीने मोजतात.

या तत्त्वांनी कंपन्यांच्या विचारपद्धतीत केलेला सर्वांत मोठा बदल एका साध्या प्रश्नात सांगता येतो: धोका कोणाला? कुठल्याही मोठ्या कंपनीत जोखमीचे मूल्यमापन करणारा विभाग असतोच. कारखान्यावर हल्ला झाला तर किती नुकसान, विमा मिळेल का, चलन घसरले तर काय, असे प्रश्न तो विचारतो. हे सगळे धोके कंपनीला असणारे आहेत. मार्गदर्शक तत्त्वे मान उलट बाजूला वळवायला सांगतात: आपल्यामुळे इतरांना कोणता धोका निर्माण होतो? इंग्रजीतून आलेला 'ड्यू डिलिजन्स' हा शब्द आपल्याकडे बँका आणि वकील कंपनी विकत घेण्यापूर्वीच्या तपासणीसाठी वापरतात. येथे त्याचा अर्थ आहे, माणसांच्या हक्कांवर आपल्या व्यवहाराचा काय परिणाम होतो, याची सतत केलेली खातरजमा.

संघर्षग्रस्त भागात ही नेहमीची खातरजमा पुरत नाही. तेथे आणखी एक प्रश्न वाढतो: आपल्या येण्याने, राहण्याने किंवा जाण्याने या संघर्षावरच काय परिणाम होतो? याला 'वाढीव खातरजमा' म्हणता येईल. त्यामागचा विचार असा, की संघर्षाच्या जागी तटस्थ कंपनी नावाची वस्तू अस्तित्वातच नसते. 'आपण बरे, आपला धंदा बरा' ही वृत्ती शांततेच्या काळात सभ्यपणाची वाटते. पण जेथे पाणी, जमीन, रस्ता आणि नोकरी यांवरच माणसे एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत, तेथे कारखान्यासाठी खोदलेली विंधनविहीरसुद्धा कोणाच्या तरी बाजूने आणि कोणाच्या तरी विरोधात जाते. ज्या समाजातून चांगले इंग्रजी बोलणारे उमेदवार मिळाले त्यांचीच भरती केली, तर मानव संसाधन विभागाला वाटते आपण गुणवत्ता पाहिली. शेजारच्या गावाला दिसते की परदेशी कंपनीने आपला पक्ष निवडला. जमीन विकणाऱ्याकडे सातबारासारखे सर्व कागद असतात, पण ज्यांच्या नावावर ती जमीन खरोखर होती ते कुटुंब तीन वर्षांपूर्वी जीव वाचवून सीमेपलीकडे पळालेले असते. पहाऱ्यासाठी नेमलेली सुरक्षा एजन्सी रीतसर नोंदणीकृत असते, पण तिचे पहारेकरी कालपर्यंत कोणत्या टोळीत होते, हे नोंदणीच्या प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते. ही माहिती मुख्यालयात बसून मिळत नाही. ती चहाच्या टपरीवर, ट्रकचालकांकडून आणि विस्थापितांच्या छावणीत मिळते, आणि ती मिळवण्यासाठी ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्यावर बोलल्याबद्दल सूड उगवला जाणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.

येथे कोणीही विचारेल, की मग साखळीतील प्रत्येकालाच दोषी धरायचे का? तत्त्वांचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्यांनी तीन पायऱ्या केलेल्या आहेत. कंपनी स्वतः हानी घडवते ही पहिली पायरी. दुसऱ्याने केलेल्या हानीला ती हातभार लावते ही दुसरी, आणि लाफार्जचा प्रकार या पायरीवर येतो. तिसऱ्या पायरीवर कंपनीने काहीच केलेले नसते, पण तिचा माल किंवा सेवा धंद्यातील संबंधांमुळे त्या हानीशी जोडली गेलेली असते. पहिल्या दोन पायऱ्यांवर हानी थांबवणे आणि भरपाई देणे ही स्वतःची जबाबदारी ठरते. तिसऱ्या पायरीवर भरपाईची अपेक्षा नसते, पण पुरवठादारापाशी आपले जे वजन आहे ते वापरून त्याला सुधारायला लावणे, वजन कमी पडत असेल तर इतर खरेदीदारांसह ते वाढवणे, आणि तरीही काही हलत नसेल तर संबंध तोडण्याचा विचार करणे, एवढे करावेच लागते.

ही तिसरी पायरी मुंबईकरांच्या अगदी दारात आहे. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात आणि त्यांचा मोठा व्यापार वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून होतो. १९९० च्या दशकात अंगोला आणि सिएरा लिओन येथील बंडखोरांनी हिऱ्यांच्या पैशावर युद्धे लढवली, तेव्हा 'रक्तरंजित हिरे' हा शब्द जगभर गेला. त्यावर उपाय म्हणून किंबर्ली प्रक्रिया नावाची प्रमाणपत्र-व्यवस्था १ जानेवारी २००३ पासून लागू झाली आणि भारत तिचा सुरुवातीपासूनचा सदस्य आहे. तिच्यामुळे बराच फरक पडला हे मान्य करायला हवे. पण तिने केलेली 'संघर्ष हिरे' या शब्दाची व्याख्या अरुंद आहे: कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी बंडखोर ज्यांचा पैसा वापरतात, तेवढेच कच्चे हिरे त्यात येतात. २००८ मध्ये झिम्बाब्वेतील मारांगे येथे लष्कराने हिरे खणणाऱ्यांवर गोळीबार केला आणि त्यात मोठ्या संख्येने माणसे मारली गेली. गोळ्या सरकारच्या होत्या, म्हणून तेथील हिरे व्याख्येत बसेनात. ही प्रक्रिया सुरू व्हावी म्हणून झटलेली ग्लोबल विटनेस ही संस्था २०११ मध्ये तिच्यातून बाहेर पडली. शिवाय प्रमाणपत्र असते ते कच्च्या मालाच्या खेपेला. वेगवेगळ्या खाणींतला माल प्रतवारी करताना एकत्र झाला आणि त्याला पैलू पडले, की अंगठीतला खडा कोणत्या खाणीतून आला हे व्यापाऱ्याने वेगळी नोंद ठेवली तरच सांगता येते. हिरे घासण्याच्या घंटीवर बसून मान मोडेपर्यंत काम करणाऱ्या कारागिराकडे यासाठी बोट दाखवणे अन्यायाचे होईल. जबाबदारी आहे ती मालाची नोंद ठेवू शकणाऱ्याची आणि पुरवठादाराला जाब विचारू शकणाऱ्याची.

इतकी कटकट असेल तर अशा प्रदेशातून सरळ निघून जावे, हा सल्ला ऐकायला सोपा आहे. नॉर्वेच्या टेलिनॉर कंपनीचे उदाहरण पाहिले की तो तितका सोपा राहत नाही. म्यानमारमध्ये २०१४ पासून मोबाइल सेवा देणाऱ्या या कंपनीचे सुमारे १ कोटी ८० लाख ग्राहक होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि दूरध्वनींवर पाळत ठेवणारी यंत्रणा सुरू करण्यासाठी कंपन्यांवर दबाव आणला. टेलिनॉरने जुलै २०२१ मध्ये व्यवसाय विकण्याचे जाहीर केले आणि मार्च २०२२ मध्ये तो लेबनॉनच्या एम-वन समूहाकडे गेला. पण विकत घेतलेल्या त्या व्यवसायात बहुसंख्य हिस्सा असलेली भागीदार म्हणून जी स्थानिक कंपनी पुढे आली, तिचे लष्कराशी लागेबांधे असल्याचे आरोप होते. मोबाइल कंपनी विकली जाते तेव्हा टॉवरबरोबर कोणी कोणाला केव्हा फोन केला याच्या नोंदीही जातात, आणि आंदोलन करणाऱ्यांसाठी ती नोंद म्हणजे अटकेची यादी ठरू शकते. म्यानमारमधील ४७४ नागरी संघटनांनी या विक्रीविरुद्ध नॉर्वेमध्ये तक्रार दाखल केली. राहणे अवघड झाले म्हणून कंपनी निघाली, आणि तिच्या निघण्यानेच लोक अधिक उघड्यावर आले. म्हणून जबाबदारीने बाहेर पडण्याची योजना आत शिरतानाच करावी, असे आता सांगितले जाते: विदा (डेटा) कोणती साठवायची, कोणती पुसून टाकायची, मालमत्ता कोणाच्या हाती पडू शकते आणि कामगारांचे पगार व सुरक्षितता यांचे काय. मला यातला साठवणुकीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जे साठवलेच नाही ते कोणी हिसकावूनही घेऊ शकत नाही.

भारतात कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये जबाबदार व्यावसायिक आचरणाची नऊ तत्त्वे असलेली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि त्यांतील पाचवे तत्त्व मानवी हक्कांविषयी आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार २०२२-२३ पासून त्यासंबंधीचा अहवालही द्यावा लागतो. तो भर देतो तो मुख्यतः वेतन, प्रशिक्षण आणि तक्रारींच्या आकड्यांवर. खाणी, बंदरे आणि तेलक्षेत्रे घेत आपले उद्योग आज जगाच्या अशांत कोपऱ्यांत पोहोचलेले आहेत, हे पाहता एवढ्याने भागणार नाही असे माझे मत आहे.

आमचा हेतू तर फक्त धंदा चालू ठेवण्याचा होता, हा बचाव किती टिकतो? फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ७ सप्टेंबर २०२१ रोजी लाफार्जच्याच प्रकरणात याचे उत्तर दिले. ज्या संघटनेचे उद्दिष्टच गुन्हेगारी आहे हे ठाऊक आहे, तिला जाणूनबुजून लाखो डॉलर देणे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यातील साथ ठरण्यास पुरेसे असू शकते, आणि देणाऱ्याने ते व्यापार चालू ठेवण्यासाठी दिले म्हणून फरक पडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. साथीदाराला गुन्हा व्हावा अशी इच्छा असण्याची गरज नाही, कळत असून मदत केली एवढे पुरे. अमेरिकेतील नोंदीत आणखी एक तपशील आहे. मध्यस्थाशी केलेला करार संपुष्टात आणणाऱ्या कागदावर १८ ऑगस्ट २०१४ ही मागची तारीख घालण्यात आली होती. त्याच महिन्याच्या ३ तारखेला आयसिसने इराकमधील सिंजारवर हल्ला करून यझिदी या अल्पसंख्याक समाजातील पुरुषांची कत्तल आणि स्त्रियांची विक्री सुरू केली होती. नोबेल पारितोषिक विजेत्या नादिया मुराद यांच्यासह अमेरिकेतील यझिदींनी डिसेंबर २०२३ मध्ये लाफार्जविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये नुकसानभरपाईचा दावा लावला, कारण दंडाची आणि जप्तीची रक्कम अमेरिकी सरकारकडे गेली होती, पीडितांकडे नव्हे.

कारखान्यातील सीरियन कामगारांची दाद मागण्याची वाट याहूनही खडतर ठरली. १९ सप्टेंबर २०१४ रोजी आयसिसने कारखाना ताब्यात घेतला, त्या दिवशी आपल्याला हलवण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती आणि मिळेल त्या वाहनाने जीव वाचवून पळावे लागले, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांच्यापैकी ११ जणांनी दोन मानवी हक्क संस्थांसह नोव्हेंबर २०१६ मध्ये पॅरिसमध्ये तक्रार केली आणि सगळे प्रकरण तेथून उभे राहिले. १६ जानेवारी २०२४ रोजी त्याच सर्वोच्च अपील न्यायालयाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यातील साथीचा आरोप कायम ठेवला, मात्र कामगारांचे प्राण धोक्यात घातल्याचा आरोप रद्द केला. सीरियन कामगारांना फ्रान्सचा कामगार कायदा लागू होत नव्हता, हे त्याचे कारण. दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या आरोपावरील खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये पॅरिसमध्ये उभा राहिला. कारखाना मात्र तोवर राहिलेला नव्हता. आयसिसने आत सापडलेले सिमेंट विकून घेतल्यानंतर काही काळाने तेथे अमेरिकी फौजांचा तळ झाला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या फौजा माघारी फिरताना मागे राहिलेला दारूगोळा कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्यांच्याच दोन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले.